आमदार-खासदाराची जागा रिकामी झाली तर? पोटनिवडणुकीचं कलम आणि आपलं मत

उर्दू अखबारात याला 'ज़िमनी इंतिख़ाब' म्हणतात, मराठीत 'पोटनिवडणूक'. दोन्ही शब्दांत एक गंमत आहे. ज़िमनी म्हणजे मुख्य गोष्टीच्या पोटात येणारी, दुय्यम. मराठीतलं 'पोट'ही तसंच : पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू. म्हणजे नावातच 'ही काही मोठी निवडणूक नव्हे' असं सांगून टाकलेलं. आणि आपल्या मोहल्ल्यांमध्ये लोक तसंच वागतात. "अरे, वर्ष-दीड वर्षासाठी कोण रांगेत उभं राहणार?" हे वाक्य आम्ही शिक्षक म्हणून मतदान केंद्रांवर ड्युटी करताना, आणि ड्युटी नसताना चहाच्या टपरीवरही, कितीदा ऐकलंय.

पण जागा रिकामी झाली की नेमकं काय होतं, ती कधी भरली जाते, आणि कधी भरलीच जात नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना हा भाग दोन ओळींत संपतो. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण गेल्या काही वर्षांत आपल्याच राज्यात असे प्रसंग घडलेत की पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळी अपुऱ्या पडतात.

आधी जागा रिकामी कशी होते ते पाहू. सदस्याचा इंतकाल झाला, त्याने राजीनामा दिला, तो अपात्र ठरला, किंवा दोन ठिकाणांहून निवडून आला आणि एक जागा सोडली, तर जागा रिकामी होते. सभागृहाच्या परवानगीशिवाय 60 दिवस गैरहजर राहिला तरी सभागृह त्याची जागा रिकामी जाहीर करू शकतं. दोन जागांचं ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल : 2024 मध्ये राहुल गांधी रायबरेली आणि वायनाड या दोन्हीकडून जिंकले, वायनाड सोडलं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे पोटनिवडणूक होऊन प्रियंका गांधी 4 लाख 10 हजारांहून जास्त मतांनी निवडून आल्या. राजीनाम्यांचं एक मोठं उदाहरण मध्य प्रदेशचं. मार्च 2020 मध्ये काँग्रेसचे 22 आमदार राजीनामा देऊन बाहेर पडले, कमलनाथ सरकार गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये एकदम 28 जागांवर पोटनिवडणूक झाली. भाजपने 19 जिंकल्या. नवं सरकार टिकणार की नाही हे त्या 'ज़िमनी' निवडणुकीने ठरवलं.

पोटनिवडणुकीत निवडून आलेला माणूस नव्याने पाच वर्षं घेत नाही. आधीच्याची जेवढी मुदत शिल्लक असेल तेवढीच त्याला मिळते. आणि एखाद्या केंद्रावर गोंधळ झाला म्हणून तिथे पुन्हा मतदान घेतात, ते 'फेरमतदान'. ते वेगळं. मुलं परीक्षेत या दोघांची हमखास अदलाबदल करतात, आणि मोठेही करतात.

आता मुख्य मुद्दा. रिकामी जागा किती दिवसांत भरायची? लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 मध्ये 151-अ नावाचं कलम आहे. ते 1996 साली घातलं गेलं. कलम म्हणतं, जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्या. इथवर साफ आहे. पण पुढे दोन दरवाजे ठेवलेत. पहिला : त्या जागेची शिल्लक मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर ही सक्ती नाही. दुसरा : निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून 'या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे' असं प्रमाणित केलं, तरीही सक्ती नाही.

हे दोन दरवाजे प्रत्यक्षात कसे उघडतात ते पाहायला पुण्याला जाऊ.

कसबा पेठच्या आमदार मुक्ता टिळक यांचं 22 डिसेंबर 2022 रोजी निधन झालं. दोनच महिन्यांनी, 26 फेब्रुवारी 2023 ला, तिथे मतदान झालं. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजार मतांनी जिंकले. त्याच दिवशी शेजारच्या चिंचवडलाही पोटनिवडणूक झाली. म्हणजे यंत्रणा मनात आणेल तर दोन महिन्यांत सगळं जमतं. मग 29 मार्च 2023 ला पुण्याचे खासदार गिरीश बापट वारले. कसबा पेठ हा त्याच पुणे लोकसभा मतदारसंघाचा भाग. लोकसभेची मुदत जून 2024 पर्यंत होती, म्हणजे चौदा महिन्यांहून जास्त शिल्लक. पहिला दरवाजा बंद होता. आयोगाने दुसरा उघडला. यंत्रणा 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या तयारीत गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्याला फार थोडा काळ मिळेल, म्हणून अवघड आहे, असं सांगून पोटनिवडणूक घेतलीच नाही.

पुण्यातला एक साधा मतदार मुंबई उच्च न्यायालयात गेला. 13 डिसेंबर 2023 ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती कमल खाटा यांच्या खंडपीठाने आयोगाची कारणं फेटाळली आणि तातडीने पोटनिवडणूक घ्यायचा आदेश दिला. निवडणुकीची तयारी चालू आहे म्हणून लोकांना प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, असा एकूण सूर होता. शिवाय त्याच काळात देशात इतर ठिकाणी पोटनिवडणुका झाल्या होत्याच. मे 2023 मध्ये जालंधरची लोकसभेची पोटनिवडणूक झाली, सप्टेंबरमध्ये अनेक राज्यांत विधानसभेच्या झाल्या. तेव्हा कुठे अवघड गेलं नाही! पण जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली, कारण तोवर सार्वत्रिक निवडणूक उंबरठ्यावर आली होती. पुणे शहराला 4 जून 2024 च्या निकालापर्यंत, म्हणजे चौदा महिने, लोकसभेत कोणी नव्हतं. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर 30 मे 2023 ला वारले, तीही जागा तशीच राहिली.

चौदा महिने खासदार नाही म्हणजे काय, असं कोणी विचारेल. लोकसभेत त्या शहराच्या नावाने प्रश्न विचारणारं कोणी नाही. खासदाराला मतदारसंघातल्या कामांसाठी वर्षाला 5 कोटी रुपयांच्या निधीतून शिफारस करता येते, ती करणारं कोणी नाही. रेल्वे, पासपोर्ट, इस्पितळाच्या मदतीचं पत्र घेऊन जायला दार नाही. पक्षाचे पुढारी असतात, पण पुढारी आणि प्रतिनिधी यांत फरक आहे. पुढाऱ्याला आपण जाब विचारू शकत नाही.

आता अकोल्याकडे या. इथे उलटं घडलं, आणि हा किस्सा आपल्या वाचकांना जास्त जवळचा आहे. अकोला पश्चिम ही मुस्लिम मतदारांची मोठी संख्या असलेली जागा. 2019 मध्ये भाजपचे गोवर्धन शर्मा इथून काँग्रेसच्या साजिद खान पठाण यांच्यावर 2,593 मतांनी निवडून आले होते. 3 नोव्हेंबर 2023 ला शर्मा यांचं निधन झालं. विधानसभेची मुदत 26 नोव्हेंबर 2024 पर्यंत. बोटांवर मोजा : एक वर्ष आणि तीन आठवडे शिल्लक. आयोगाने लोकसभेच्या मतदानासोबत, 26 एप्रिल 2024 ला, पोटनिवडणूक जाहीर केली. इथेही एक मतदार न्यायालयात गेला, पण थांबवण्यासाठी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 26 मार्च 2024 ला ती अधिसूचना रद्द केली. कारण? निवडून येणाऱ्या आमदाराला एक वर्षापेक्षा कमी काळ मिळेल.

इथे नीट थांबून विचार करण्यासारखं आहे. 'शिल्लक मुदत' कधीपासून मोजायची? जागा रिकामी झाली त्या दिवसापासून, की नवा आमदार निवडून येईल त्या दिवसापासून? पहिल्या पद्धतीने मोजलं तर अकोल्याला निवडणूक मिळायला हवी होती. दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर नाही. नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये काटोलच्या पोटनिवडणुकीतही दुसरी पद्धत धरली होती. दुसरी पद्धत धरली की एक विचित्र गोष्ट होते : आयोग जितका उशीर करेल तितकी शिल्लक मुदत कमी होत जाते, आणि शेवटी उशीर हेच निवडणूक न घेण्याचं कारण बनतं. आमच्या मते ही मोजणी मतदाराच्या बाजूची नाही.

गंमत म्हणजे त्याच सुमारास हरियाणात कर्नालची जागा होती. मनोहरलाल खट्टर यांनी मार्च 2024 मध्ये ती सोडली, तेव्हा हरियाणा विधानसभेची आठ महिनेसुद्धा मुदत उरली नव्हती. तरी तिथे 25 मे 2024 ला पोटनिवडणूक झाली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तिला आव्हान देणारी याचिका फेटाळली. कारण नवे मुख्यमंत्री नायबसिंग सैनी आमदार नव्हते, आणि संविधानाच्या अनुच्छेद 164 प्रमाणे सभागृहाचा सदस्य नसलेला मंत्री सहा महिन्यांपेक्षा जास्त पदावर राहू शकत नाही. मुख्यमंत्र्याला जागा हवी असेल तर आठ महिन्यांहून कमी काळ चालतो, अकोल्याच्या साध्या मतदाराला आमदार हवा असेल तर वर्ष आणि तीन आठवडे कमी पडतात. कायद्यात 'निवडणूक घ्यायचीच नाही' असं कुठे म्हटलेलं नाही, फक्त सक्ती उठवली आहे, हा कर्नालच्या बाजूचा कायदेशीर युक्तिवाद. तो आम्हाला पटतो. पण मग तो अकोल्यालाही लागू व्हायला हवा होता.

अकोला पश्चिमची खुर्ची वर्षभराहून जास्त रिकामी राहिली. नोव्हेंबर 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीत साजिद खान पठाण तिथून 1,283 मतांनी जिंकले. कोण जिंकला हा इथे मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की जो मतदारसंघ दोन-अडीच हजार मतांनी इकडे-तिकडे होतो, त्याला वर्षभर आपला कौल देता आला नाही.

आणि आता नांदेड, जिथे सगळं वेळेवर झालं. खासदार वसंतराव चव्हाण यांचं 26 ऑगस्ट 2024 ला निधन झालं. तीन महिन्यांच्या आत, 20 नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानासोबतच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदाराला एकाच फेरीत दोन यंत्रांवर दोन बटणं दाबायची होती. निकाल पाहा. नांदेड लोकसभेतल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या, आणि लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी जिंकली. किती मतांनी? 1,457. जवळजवळ पावणेबारा लाख मतं दोन मुख्य उमेदवारांत वाटली गेली आणि फरक दीड हजाराच्या आत. एका मोठ्या मोहल्ल्यातल्या दोन-तीन मतदान केंद्रांवर जेवढे लोक येतात, तेवढा. लोक एकाच दिवशी दोन वेगळे विचार करून मत देतात, त्यांना कोणी गृहीत धरू नये, हेही नांदेडने दाखवलं.

एक तिसरा दरवाजा आहे. तो 151-अ मध्ये नाही, पण व्यवहारात आहे : निवडणूक याचिका. आधीच्या निवडणुकीला पराभूत उमेदवाराने न्यायालयात आव्हान दिलेलं असेल, तर आयोग सहसा थांबतो. उद्या न्यायालयाने 'खरा विजेता मीच' हे पराभूताचं म्हणणं मान्य केलं, तर एका जागेवर दोन जण व्हायचे. यामुळेच उत्तर प्रदेशातल्या मिल्कीपूरची पोटनिवडणूक लांबली आणि याचिका मागे घेतल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये झाली. पश्चिम बंगालमधल्या बशीरहाटच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. तिथले खासदार हाजी नुरुल इस्लाम 25 सप्टेंबर 2024 ला अल्लाहला प्यारे झाले. याचिका प्रलंबित असल्यामुळे पोटनिवडणूक थांबली. एप्रिल 2025 च्या सुरुवातीला लोकसभेत वक्फ दुरुस्ती विधेयकावर मध्यरात्रीनंतर मतदान झालं, 288 विरुद्ध 232. त्या रात्री 543 पैकी एक खुर्ची रिकामी होती, बशीरहाटची. तिथे मोठी मुस्लिम लोकसंख्या आहे. एका मताने निकाल बदलला नसता, हे उघड आहे. पण त्या भागातल्या कब्रस्तानांचा, मशिदींचा, मदरशांच्या जमिनींचा प्रश्न ज्या कायद्यात होता, त्यावर बोलायला तिथला कोणी नव्हता. 'हो' म्हणायलाही नाही आणि 'ना' म्हणायलाही नाही.

आता अपात्रतेबद्दल. 2013 च्या लिली थॉमस निकालापासून नियम असा झाला की दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व तिथल्या तिथे जातं, अपिलाची वाट पाहिली जात नाही. मग पोटनिवडणूक किती घाईने लावायची हा प्रश्न फार मोठा होतो. लक्षद्वीपचे खासदार मोहम्मद फैजल यांना जानेवारी 2023 मध्ये शिक्षा झाली. आठवडाभरात आयोगाने 27 फेब्रुवारीची पोटनिवडणूक जाहीर केली. पण केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केली, आयोगाला थांबावं लागलं, आणि 29 मार्चला त्यांचं सदस्यत्व परत आलं. रामपूरला असं झालं नाही. ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस आझम खान यांना एका भाषणाच्या खटल्यात तीन वर्षांची शिक्षा झाली, लगेच जागा रिकामी, आणि 5 डिसेंबरला मतदान. मे 2023 मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना त्याच खटल्यातून निर्दोष सोडलं. पण तोवर दुसरा आमदार निवडून आला होता. पोटनिवडणूक झाली की गेलेली जागा निर्दोष सुटूनही परत मिळत नाही.

रामपूरच्या त्या पोटनिवडणुकीत मतदान किती झालं? जेमतेम एक तृतीयांश. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत निम्म्याहून जास्त लोकांनी मत दिलं होतं. पोलिसांनी मतदारांना अडवलं असा आरोप समाजवादी पक्षाने केला, प्रशासनाने तो नाकारला. आरोप एका बाजूला ठेवला तरी पोटनिवडणुकीत मतदान घसरतं हे सगळीकडचं आहे. वायनाडमध्ये ते सुमारे 73 टक्क्यांवरून 65 च्या आसपास आलं. मुंबईत अंधेरी पूर्वला नोव्हेंबर 2022 मध्ये भाजपने उमेदवार मागे घेतल्यावर लोकांना वाटलं आता काय उरलं. एक तृतीयांशही मतदान झालं नाही, आणि दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा' आलं, 12 हजारांहून जास्त मतांनी!

अंधेरीवरून आठवलं. दिवंगत आमदाराच्या बेगम किंवा बेट्याला उमेदवारी द्यायची आणि बाकीच्यांनी माघार घ्यायची, याला आपल्याकडे 'परंपरा' म्हणतात. दुःखात सहभागी व्हावं, ताज़ियत करावी, यात वाद नाही. पण मतदारसंघ ही कोणाची मीरास नाही की वारसांमध्ये वाटली जावी. बिनविरोध निवडणूक झाली की मतदाराला मत द्यायची संधीच मिळत नाही. वारसाला मत द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, पण समोर दुसरा पर्याय असताना द्यावं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आयोगाची अधिसूचना निघाल्यापासून अर्ज भरायला सात दिवस, मग छाननी, मग माघारीला दोन दिवस, आणि त्यानंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. म्हणजे महिन्याभरात सगळं आटोपतं. सार्वत्रिक निवडणुकीसारखे महिनोन्महिने मिळत नाहीत, म्हणून तयारी आधीपासून हवी. आचारसंहिता साधारणपणे पूर्ण जिल्ह्यात लागते, पण महानगरपालिकेच्या हद्दीतला मतदारसंघ असेल तर फक्त त्या मतदारसंघापुरती.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क कलम 135-ब प्रमाणे पोटनिवडणुकीतही आहे. आपले कितीतरी तरुण गावाकडचे मतदार आहेत आणि काम भिवंडी, मुंब्रा किंवा पुण्यात करतात. मालकाचा कारखाना दुसऱ्या मतदारसंघात असला तरी त्या मतदाराला सुट्टी मिळायला हवी. मालक 'इथे कुठे निवडणूक आहे?' असं विचारतो, तेव्हा या कलमाचं नाव सांगा.

सर्वांत जास्त नावं गळतात ती लग्न होऊन आलेल्या मुलींची. माहेरच्या यादीत नाव तसंच, सासरच्या यादीत नाही. त्यासाठी फॉर्म 8 भरून पत्ता बदलून घ्यावा लागतो, नवं नाव असेल तर फॉर्म 6. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आता वर्षातून चार तारखा धरतात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. पूर्वीसारखी पुढच्या जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. उर्दूतून मराठीत नाव लिहिताना होणारे घोळ, म्हणजे शेख-शैख, बी-बेगम, फातेमा-फातिमा, तेही फॉर्म 8 ने दुरुस्त होतात. हे सगळं पोटनिवडणूक जाहीर होण्याआधी करून ठेवावं, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादी बंद होते, आणि मग केंद्रावर आधार कार्ड दाखवून कितीही हुज्जत घातली तरी यादीत नसलेल्या माणसाला मत देता येत नाही.